माइनक्राफ्टमध्ये माणूस नेमका कशाने मरतो?

प्रश्न : माझा नातू पाचवीत आहे. सुट्टी लागली की माइनक्राफ्ट घेऊन बसतो आणि दर दोन दिवसांनी 'आजी, सगळं गेलं!' म्हणत रडकुंडीला येतो. काय गेलं म्हणून विचारावं, तर हिरे गेले, कुदळ गेली, चिलखत गेलं. आणखी खोलात शिरलं की 'तुला नाही कळणार' हे ठरलेलं उत्तर. या खेळात मुलं नेमक्या काय चुका करतात? त्या टाळता येतात, की सगळा नशिबाचा मामला आहे?

उत्तर : आजी, तुम्हाला चांगलं कळेल. शेजारी बसून नुसतं बघणाऱ्याला या खेळातल्या चुका आधी दिसतात. खेळणाऱ्याचं सगळं लक्ष हिऱ्यांकडे लागलेलं असतं.

नशिबाचा भाग अगदी थोडा. स्वीडनच्या मार्कुस पर्सनने २००९ च्या मे महिन्यात या खेळाचं पहिलं कच्चं रूप लोकांपुढे ठेवलं. पूर्ण खेळ आला नोव्हेंबर २०११ मध्ये. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी मोयांग ही स्टॉकहोमची कंपनी अडीच अब्ज डॉलर मोजून घेतली आणि ऑक्टोबर २०२३ पर्यंत खेळाच्या तीस कोटींवर प्रती खपल्या होत्या. एवढा मोठा पसारा, पण सुरुवात कशी? रिकाम्या हातांनी एका रानात उभं करतात आणि बाकी तुमचं तुम्ही बघा. त्या रानात जे जे अपघात होतात, त्यांच्या मागे एकेक ठरलेला आकडा असतो. किती उंचीवरून पडलं की मरण येतं, किती अंधारात राक्षस उगवतात, सांडलेलं सामान किती वेळ टिकतं, हे सगळं पक्कं ठरलेलं. खेळ दगा देत नाही, फक्त हे आकडे तो स्वतःहून सांगत नाही. त्यात आणखी एक गोम आहे. नव्या आवृत्त्यांबरोबर काही आकडे बदलतात आणि मुलं मात्र सात-आठ वर्षांपूर्वीचे व्हिडिओ बघून खेळत राहतात. माझ्या मते निम्म्या चुका अडाणीपणाच्या नसून शिळ्या सल्ल्याच्या आहेत.

आता 'सगळं गेलं' म्हणजे काय ते बघू. मेलं की अंगावरचं, हातातलं, थैलीतलं सगळं जागेवर सांडतं आणि तुमचा नातू दूर कुठेतरी, शेवटचा ज्या बेडवर झोपला तिथे, पुन्हा उभा राहतो. सांडलेलं सामान पाच मिनिटांनी नाहीसं होतं. हे मुलांना माहीत असतं आणि तिथेच घात होतो. पाच मिनिटांच्या धास्तीने पोरगं रिकाम्या हाती, उपाशीपोटी, मध्यरात्री धावत सुटतं आणि वाटेत दुसऱ्यांदा मरतं. खरी गोष्ट अशी, की ती पाच मिनिटं खेळाडू त्या परिसरात असतानाच मोजली जातात. खेळ फक्त खेळाडूच्या आसपासचा मुलूख जागा ठेवतो. लांबचा मुलूख गोठलेला असतो आणि तिथलं घड्याळही बंद असतं. म्हणजे मरण घरापासून बरंच लांब आलं असेल, तर घाई करायचं कारणच नाही. सकाळ होऊ द्यावी, पोटभर खावं, दगडाची का होईना तलवार करावी, दोन-चार मशाली घ्याव्यात आणि मग निघावं. घाई करायची ती त्या जागेच्या जवळ पोचल्यावर. घराच्या अंगणातच मेला असेल तर मात्र घड्याळ चालू आहे, तेव्हा पळावं.

एक अपवाद मनाला लावून घ्यावा लागतो : लाव्हा. लाव्ह्यात पडलेलं सामान तिथल्या तिथे जळून जातं, मग पाच मिनिटं काय आणि पाच सेकंद काय. २०२० पासून नेथराइट नावाच्या महागड्या धातूच्या वस्तू लाव्ह्यावर तरंगतात, पण त्या पाचवीतल्या मुलाच्या थैलीत असण्याची शक्यता कमीच.

त्यामुळे पहिली खरी चूक मरण्याच्या कितीतरी आधी झालेली असते. ती म्हणजे सगळी इस्टेट अंगावर घेऊन फिरणं. थैलीत छत्तीस कप्पे आहेत म्हणून मुलं ते छत्तीसच्या छत्तीस भरून खाणीत उतरतात. आठ फळ्यांची एक पेटी होते, तिच्यात सत्तावीस कप्पे असतात. खाणीत जाताना हिऱ्यांचं काय काम? ते पेटीत टाकावेत, बरोबर दोन कुदळी, एक तलवार, खाणं, मशाली आणि पाण्याची बादली घ्यावी. नातवाला एवढंच विचारा, 'निघताना पेटीत काय ठेवलंस?' तो चपापेल.

दुसरी चूक, घर कुठे आहे ते लिहून न ठेवणं. हे जग इतकं मोठं आहे, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाण्याची कल्पनाही कुणी करू नये. प्रत्येक जागेला तीन आकडे असतात : पूर्व-पश्चिम किती, उंची किती, उत्तर-दक्षिण किती. कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीत एफ-तीन ही कळ दाबली की ते दिसतात. मोबाइलवर जगाच्या सेटिंगमध्ये ते दाखवण्याचं बटण आहे. घराचे आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले तर अर्धी रडारड वाचेल. होकायंत्र मिळालं की मुलांना वाटतं आता काळजी मिटली. पण साधं होकायंत्र घराकडे बोट दाखवत नाही, जगाच्या आरंभस्थानाकडे दाखवतं. घर तिथून दोन डोंगर पलीकडे बांधलं असेल, तर त्याच्या मागे चालत राहणारा खेळाडू भलत्याच जागी पोचतो.

आणि तिसरी, पहिल्या रात्रीची. या जगाचा दिवस वीस मिनिटांचा. त्यात लख्ख उजेड दहा मिनिटं, रात्र सात मिनिटं आणि उरलेली तीन मिनिटं दोन्ही संधिकाळांत वाटलेली. पहिली दहा मिनिटं मुलं देखावे बघण्यात घालवतात. खरा क्रम असा : झाड तोडून लाकूड, लाकडाची कुदळ, तिने दगड, दगडाची कुदळ, आठ दगडांची भट्टी. कोळसा सापडला नाही म्हणून हातपाय गाळायचे नाहीत. भट्टीत लाकडाचा ओंडका भाजला की लोणारी कोळसा मिळतो आणि त्याच्या मशाली होतात. काडीला एक कोळसा लावला की चार मशाली. त्याच वेळात तीन मेंढ्या दिसल्या तर उत्तम, कारण तीन लोकरी आणि तीन फळ्यांचा बेड होतो. बेड असला की रात्र झोपून काढता येते आणि मेल्यावर पुन्हा उभं राहण्याची जागाही तीच ठरते. पुष्कळ मुलं सकाळी बेड उचलून काखोटीला मारतात आणि पुढच्या प्रवासाला निघतात. बेड उचलला की ती जागा रद्द झाली. मग मरण आलं की थेट जगाच्या आरंभस्थानी, म्हणजे घरापासून मैलभर लांब. प्रवासाला दुसरा बेड करून घ्यावा, घरचा हलवू नये. आणि झोप टाळूही नये. सलग तीन दिवस झोपलं नाही, की रात्री आभाळातून फँटम नावाचे पंखवाले पिशाच्च झेपावू लागतात.

उजेडाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पुष्कळ मुलं घराच्या दाराशीच मरतात. मशालीच्या जागी उजेडाचं माप चौदा असतं आणि तिथून प्रत्येक ठोकळ्यामागे (हे सगळं जग ठोकळ्यांचंच रचलेलं असतं) एकेक कमी होत जातं. पूर्वी सातपर्यंतच्या मंद उजेडातही राक्षस उगवायचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये १.१८ ही आवृत्ती आली, तेव्हापासून ते मशालीचा उजेड अगदी शून्य असेल तिथेच उगवतात. म्हणजे आता पूर्वीपेक्षा कमी मशाली पुरतात. पण त्या कुठे लावायच्या हे मुलं विसरतात. घरात दिवाळी आणि छपरावर काळोख! रात्री छपरावर राक्षस उगवतो आणि सकाळी दार उघडलं की समोर हजर. छपरावर दोन-तीन मशाली लावाव्यात, नाहीतर छप्पर अर्ध्या उंचीच्या ठोकळ्यांचं करावं. तसे ठोकळे खालच्या अर्ध्यात बसवले, तर त्यांच्यावर राक्षस उगवत नाहीत.

झॉम्बी आणि सांगाडे उन्हात जळून जातात, क्रीपर जळत नाही. तो हिरवा, बिनहाताचा, चार पायांवर गुपचूप येणारा प्राणी हे या खेळाचं बोधचिन्हच झालंय. त्याचा जन्म चुकीतून झाला, हे नातवाला सांगा, खूश होईल. पर्सन डुकराची आकृती बनवत होता, लांबी आणि उंचीचे आकडे उलटे पडले आणि उभं डुक्कर तयार झालं. त्याचाच पुढे क्रीपर झाला. हा जवळ आला की फुसफुसतो आणि दीड सेकंदात फुटतो. मुलं नेमकी त्या दीड सेकंदात तलवार शोधत बसतात. तेव्हा शोधाशोध नको, मागे पळावं. सातेक ठोकळे दूर गेलं की तो शांत होतो. ढाल समोर धरली तरी स्फोट अडतो. सहा फळ्या आणि लोखंडाची एक वीट, एवढ्यात ढाल होते, तरी मुलं पहिलं लोखंड कुदळीत आणि शिरस्त्राणात घालवतात. माझं मत विचाराल तर पहिल्या चार विटा अशा खर्चाव्यात : तिनांची बादली आणि एकीची ढाल. कुदळ दगडाची असली तरी दिवसभर चालते. आणि हो, घरी मांजर पाळावं. क्रीपर मांजराला घाबरून लांब राहतो.

प्रश्न : मी सातवीत आहे. मोठा भाऊ म्हणतो, हिरे अकराव्या पातळीवर मिळतात. मी तिथे तासन्‌तास खणतो, तरी मिळत नाहीत. आणि सरळ खाली खणू नये असं सगळे म्हणतात, पण मग खाली जायचं कसं?

उत्तर : भावाचं चुकलेलं नाही, त्याची माहिती जुनी झाली आहे. २०२१ च्या आधी जगाचा तळ शून्यावर होता. दहाव्या पातळीखालच्या पोकळ्या लाव्ह्याने भरलेल्या असायच्या, म्हणून त्याच्या जरा वर, अकराव्यावर, खणण्यात शहाणपण होतं. १.१८ मध्ये जगाचा तळ उणे चौसष्टपर्यंत खाली गेला आणि माथा तीनशे वीसपर्यंत वर गेला. आता हिरे सोळाच्या खाली सुरू होतात आणि जितकं खोल जावं तितके वाढत जातात. अकरावर तू हिऱ्यांच्या प्रदेशाच्या वरच्या काठाशी खरडतो आहेस. उणे अठ्ठावन्न-एकोणसाठच्या आसपास जा. तिथे दगड काळसर आणि टणक असतो, खणायला वेळ लागतो. लोखंडाची कुदळ अडीचशे घावांत संपते, तेव्हा जास्तीच्या कुदळी बरोबर ने.

आता सरळ खाली खणण्याबद्दल. पायाखालचा ठोकळा फोडला की खाली काय आहे हे तुला पडल्यावरच कळतं. खाली मोठी गुहा असेल तर हिशोब असा : पहिले तीन ठोकळे पडणं फुकट, पुढच्या प्रत्येक ठोकळ्याला अर्धं हृदय. तुझ्याकडे हृदयं दहा. म्हणजे चिलखत नसेल तर तेवीस ठोकळ्यांची उडी ही शेवटची. आणि साधारण उणे पंचावन्नपासून खाली पोकळ जागा बहुधा लाव्ह्याने भरलेल्या असतात. तिथे पडलास तर सामानाचाही निकाल लागला. म्हणून जिना खण : एक पुढे, एक खाली, असं उतरत जा. घाईच असेल तर दोन ठोकळ्यांच्या मधल्या रेषेवर उभा राहा आणि आळीपाळीने एकेक फोड. एक फुटला तरी दुसरा पायाखाली असतो, आणि भोकातून डोकावून बघता येतं. लाल-पिवळा उजेड दिसला की थांब.

सरळ वर खणणं त्याहून वाईट, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही. डोक्यावर वाळू किंवा खडी असली तर ती धडाधड कोसळते आणि तू तिच्यात गुदमरतोस. तेव्हा घाबरून उड्या मारत बसू नकोस. डोक्याशी आलेला ठोकळा फोडत राहा. एक युक्ती फार कामाची आहे. खडीच्या ढिगाचा सगळ्यात खालचा ठोकळा फोडायचा आणि वरचा खाली यायच्या आत तिथे मशाल लावायची. पडणारी खडी मशालीवर आपटून फुटते आणि सगळा ढीग आपोआप मोकळा होतो.

बरं, हिरा दिसला. इथे बहुतेकांचा तोल जातो, तेव्हा हे सावकाश वाच. भिंतीत निळसर ठिपक्यांचा ठोकळा चमकतोय. पहिलं काम कुदळ बघणं. दगडाच्या कुदळीने हिऱ्याचा ठोकळा फोडला तर तो फुटतो, पण हातात काहीही पडत नाही. लोखंडाची कुदळ लागतेच. दुसरं काम, लगेच फोडायचा नाही. आजूबाजूचे साधे दगड आधी काढायचे, मागे, खाली, दोन्ही बाजूंना. तिथे लाव्हा दडलेला असेल तर फोडल्याबरोबर हिरा त्यात पडतो आणि संपतो. लाव्हा दिसला तर पाण्याची बादली ओत. स्थिर लाव्ह्यावर पाणी गेलं की त्याचा काळा ऑब्सिडियन होतो, वाहत्या लाव्ह्याचा साधा दगड. मग त्यावर उभं राहून निवांत काम कर. पहिल्या तीन हिऱ्यांची कुदळच करायची, त्यांची तलवार करून मिरवायचं नाही. नंतर जादूच्या टेबलावर तुझ्या कुदळीला 'फॉर्च्यून'चा तिसरा दर्जा मिळाला, तर एका ठोकळ्यातून चारपर्यंत हिरे निघू शकतात. म्हणून घाई नसेल तर सापडलेल्या ठोकळ्यांपैकी काही तसेच ठेव, जागा लिहून ठेव आणि ती कुदळ घेऊन परत ये.

इतक्या खोलात आणखी एक ठिकाण लागू शकतं. काळ्या-निळ्या बुरशीसारखा थर सगळीकडे पसरलेला, चिडीचूप. २०२२ पासून तिथे वॉर्डन नावाचा आंधळा राक्षस असतो, जो आवाजाच्या कानोशावर चालून येतो. तुझी दहा हृदयं, त्याची अडीचशे. मारलास तरी हिरे-बिरे काही देत नाही. वाकून, हळूहळू, मागच्या मागे निघून ये. त्याच्याशी लढायला जाणं हा सरळसरळ मूर्खपणा आहे.

प्रश्न : मुलीने माइनक्राफ्टमध्ये सुंदर लाकडी बंगला बांधला, त्यात शेकोटी केली. दुसऱ्या दिवशी बंगला जळालेला. खेळात बिघाड आहे का? तसंच तिच्या शेतात गहू उगवत नाही आणि गाईही संपल्या म्हणते.

उत्तर : बिघाड नाही, आग खरोखरच पसरते. आजूबाजूला आणि खाली एकेक ठोकळा, वर मात्र चार ठोकळ्यांपर्यंत. लाकडी तुळयांखाली शेकोटी म्हणजे आमंत्रणच. शोभेसाठी घरात लाव्हा ठेवला तरी तोच प्रकार. २०१९ पासून खेळात कॅम्पफायर नावाची तयार चूल मिळते, तिची आग पसरत नाही. ती वापरा. मशालींनीही घर पेटत नाही, तेव्हा त्या बिनधास्त लावा.

गव्हाचं सोपं आहे. पाण्याचा ओलावा चारी बाजूंना चार ठोकळ्यांपर्यंत पोचतो. म्हणून नऊ बाय नऊचा वाफा आखायचा आणि बरोबर मधोमध एक खड्डा करून त्यात बादलीभर पाणी सोडायचं. एवढं पाणी अख्ख्या वाफ्याला पुरतं, पाट काढायची गरज नाही. मुलगी वाफ्यात उड्या मारत असेल तर नांगरलेली जमीन पुन्हा साधी माती होते आणि पीक उपटलं जातं. कुंपण घालून जनावरंही बाहेर ठेवा. गाईंचं म्हणाल तर शेवटच्या दोन कधीही कापायच्या नाहीत. त्यांना गहू चारला की वासरू होतं. झाडांचंही तसंच. तोडलेल्या झाडाच्या पानांतून रोप पडतं, ते तिथेच लावून टाकावं.

खाण्याचा हिशोब मात्र मुलीला पाठ करायला लावा. भुकेच्या दहा तंगड्या दिसतात. त्यांतल्या निदान नऊ भरलेल्या असल्या तरच जखमा भरून येतात आणि तीनवर आलं की पळता येत नाही. पळता न येणारा खेळाडू रात्री रानात सापडला की संपलाच. कच्ची कोंबडी तर खाऊच नये. दहात तीनदा तिने पोट बिघडतं आणि होत्या त्या तंगड्याही झपाट्याने कमी होतात.

प्रश्न : मी कॉलेजात आहे, बऱ्यापैकी खेळतो. नेदरमध्ये रात्र काढायला बेड टाकला आणि फुटलो. असं का? तिथे जाताना आणखी काय सांभाळावं?

उत्तर : नेदर म्हणजे या खेळातलं लाव्ह्याचं पाताळ. तिथे रात्रच नसते, मग झोपणार कसे? तिथे बेडवर झोपायला गेलं की स्फोट होतो. साधासुधाही नाही : क्रीपरच्या स्फोटाची ताकद तीन, टीएनटीची चार आणि या बेडची पाच. जाणकार मंडळी हाच स्फोट मुद्दाम घडवून नेथराइटचा कच्चा माल शोधतात, आडोशाला उभं राहून अर्थात.

तिथे बादलीतलं पाणी ओतलं की वाफ होऊन जातं, म्हणजे वरच्या जगात लाव्ह्यावरचा जो हुकमी उतारा, तो तिथे चालत नाही. शिवाय लाव्हा तिथे जास्त वेगाने आणि जास्त लांब वाहतो. आगीपासून वाचवणारं औषध जवळ असल्याशिवाय लाव्ह्याच्या समुद्रावर पूल बांधायला जाऊ नका. अंगावर सोन्याची एक तरी वस्तू घाला, बूट असले तरी चालतात. पिग्लिन नावाचे तिथले डुकरासारखे रहिवासी मग वाटेला जात नाहीत. पण त्यांच्या देखत सोनं खणलंत किंवा पेटी उघडलीत, तर ते सोनं अंगावर असूनही तुटून पडतात. हे विसरून मरणारे नवशिके कमी आणि जुने खेळाडू जास्त.

नेदरमध्ये जायच्या-यायच्या दारांचा घोळ आठच्या पाढ्याने सुटतो. नेदरमधला एक ठोकळा म्हणजे वरच्या जगातले आठ. घरचं दार आडव्या मापात आठशेवर असेल, तर नेदरमधलं शंभरवर हवं. हिशोब न करता दार उभारलं की परत येताना भलत्याच डोंगरात निघता. आणि चकमक खिशात हवीच. घास्ट नावाच्या उडत्या राक्षसाचा आगीचा गोळा दाराला लागला की दार विझतं आणि ते चकमकीनेच पुन्हा पेटवावं लागतं. चकमक नसेल तर परतीची वाट बंद.

बऱ्यापैकी खेळता म्हणालात म्हणून एक उदाहरण देतो. फिल्झा नावाने ओळखला जाणारा ब्रिटिश खेळाडू हार्डकोअर, म्हणजे एकाच जिवाच्या प्रकारात, पाच वर्षं एकच जग जपत होता. २०१९ मध्ये तो मेला. ड्रॅगनने नाही, नेदरमध्येही नाही; एका साध्या गुहेत पिल्लू झॉम्बी आणि कोळी यांच्या कचाट्यात सापडून. संरक्षण उत्तम होतं, अनुभव तर विचारूच नका. अवघड जागी सगळे सावध असतात. तुमच्याही मरणांची यादी काढून बघा, घराच्या आसपासचीच जास्त निघतील.

प्रश्न : मेल्यावर सामान शाबूत ठेवण्याची सोय खेळात आहे म्हणे. मुलाला ती चालू करून द्यावी, की ती लबाडी होईल? आणि जग कायमचं नाहीसं होण्याची भीती असते का?

उत्तर : सोय आहे, ती खेळानेच दिलेली आहे, तेव्हा लबाडी कसली? सात-आठ वर्षांच्या मुलाला खुशाल चालू करून द्या. मोठ्याला मात्र देऊ नका. सामान गमावायची धास्ती गेली की पेटी, वही, ढाल यांतलं काहीच करावंसं वाटत नाही आणि महिन्याभरात मूल कंटाळतं. मोबाइलवरच्या आवृत्तीत अशा सवलती चालू केल्या की त्या जगात बक्षिसांची पदकं मिळणं बंद होतं, हे आधी सांगून ठेवा, नाहीतर नंतर तुमच्याच नावाने खडे फुटतील.

जग नाहीसं होण्याची भीती मात्र खरी आहे आणि तिच्यात राक्षसांचा काही संबंध नाही. मोबाइलवर जग बहुधा त्या फोनमध्येच साठवलेलं असतं. फोन भरला म्हणून घरातलं कुणीतरी मोठं माणूस ॲप काढून टाकतं आणि पोराने वर्षभर बांधलेलं गाव त्याच्याबरोबर जातं. पुन्हा ॲप घेतलं तरी गाव परत येत नाही. खेळात जगाच्या नावापुढे पेन्सिलीचं चिन्ह असतं, तिथून जगाची फाइल बाहेर काढता येते. ती ईमेलने किंवा पेन ड्राइव्हवर दुसरीकडे ठेवा. त्याच फोनवर केलेली नुसती दुसरी प्रत उपयोगाची नाही, ॲप गेलं की तीही जाते. फोनमध्ये जागा हवीच असेल, तर आधी व्हॉट्सॲपवरचे सुप्रभातचे फोटो उडवा.